मांडव त्यांचा, माणूस माझा

(स्त्रियांवरील हिंसेच्या विरोधातल्या दिवसानिमित्त, २५ नोव्हेंबरला सानपाडा येथे वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजची तारीख आपली आणि उद्याची देशाची. आजची तारीख कुठून आली ते आपल्या बैठकांत अनेकदा सांगून झालंय. डॉमिनिकन रिपब्लिक नावाच्या छोट्याशा देशात १९६० साली तिथल्या हुकूमशहाने मिराबाल घराण्यातल्या तीन बहिणींना मारून टाकलं. १९८१ साली लॅटिन अमेरिकेतल्या बायका एकत्र जमल्या आणि त्यांनी हा दिवस बाईवरच्या हिंसेविरुद्धचा दिवस म्हणून धरला. संयुक्त राष्ट्रांनी त्यावर शिक्का मारला १९९९ साली. म्हणजे बायकांनी अठरा वर्षं आपल्या आपणच ही आठवण सांभाळली, सरकारं मागाहून आली.

उद्याच्या तारखेची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही. सकाळी पोलिसांची मानवंदना, शाळांतून संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन (२०१५ पासून तो संविधान दिनही आहे), आणि संध्याकाळी नाक्यानाक्यावर मेणबत्त्या. आपल्याकडेही मांडव पडतो. त्या मांडवात मी बसते, हे तुम्ही पाहिलेलं आहे. आज मला बोलायला उभं केलंय ते त्यासाठीच. तिथे बसून मला काय वाटतं ते सांग, असं तुम्ही म्हणालात. ते काही एका वाक्यात सांगण्यासारखं नाही.

ज्या नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते. माझा नवरा २६ नोव्हेंबरला गेलेला नाही. तो गेला ११ जुलै २००६ च्या मंगळवारी, पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये. त्या संध्याकाळी अकरा मिनिटांत सात गाड्यांमध्ये सात स्फोट झाले. सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. १८९ माणसं गेली, आठशेच्या वर जखमी झाली. आम्ही तेव्हा भाईंदरला राहायचो. तो फोर्टातल्या एका कचेरीत हिशेब बघायचा. पहिल्या वर्गाचा पास त्याला नुकता कुठे परवडायला लागला होता. तीन महिन्यांचा काढलेला, त्यातले पाच आठवडे वापरून झाले होते. तो पास मला मिळाला. घड्याळ मिळालं नाही.

मी चौतीस वर्षांची, मुलगी नऊची, मुलगा पाचचा. वडील तुर्भ्याच्या मसाला मार्केटात मुनीम, त्यांचं इथे सानपाड्यात सिडकोचं दोन खोल्यांचं घर. तिथे आले ती आलेच. पुढे मला रेल्वेत नोकरी लागली. मृतांच्या नातेवाइकांना तेव्हा नोकऱ्या दिल्या गेल्या, त्यात माझा नंबर लागला. म्हणजे रेल्वेत नवरा गेला आणि रेल्वेच्याच पगारावर मुलं शिकली. रोज सकाळी हार्बरची गाडी पकडून कामावर जाते. पहिली दोन वर्षं बाकाखाली नजर टाकल्याशिवाय बसत नव्हते. आता कधी डुलकीही लागते.

तर २६ नोव्हेंबरच्या मांडवात मी कशी, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर सरळ आहे. ११ जुलैला मांडव पडत नाही.

माहीम स्टेशनवर एक स्मृतिफलक आहे. दर ११ जुलैला संध्याकाळी तिथे थोडी माणसं जमतात, फुलं वाहतात. गाड्या येतात-जातात, उतरणारे वाट काढत पुढे निघून जातात. त्यांच्यावर माझा राग नाही, मीही उतरल्यावर अशीच पळते. पण देशाचा दिवस म्हणून निवडला गेला तो २६ नोव्हेंबर, आणि दहशतवादाची बळी म्हणून दाखवायला वस्तीत कोणीतरी हवी, तेव्हा माझ्या दाराशी माणूस येतो. दोन्ही एकच की ताई, असं म्हणतो.

एकच आहे का? २००८ च्या त्या रात्रीचंसुद्धा आपण जे बघितलं ते एकच नव्हतं. शिवाजी टर्मिनसवर, आपल्याच हार्बरच्या शेवटच्या स्टेशनात, ५८ माणसं मारली गेली. लांबच्या गाडीची वाट बघत गाठोड्यांवर बसलेली, गावाला निघालेली माणसं. मेलेल्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. लोकलच्या बाजूला विष्णू झेंडे नावाचे निवेदक काचेमागे बसून माइकवरून लोकांना बाहेर पडायची वाट सांगत राहिले, म्हणून कितीतरी वाचले. आपल्यातल्या दोघी-तिघी त्या रात्री गाडीत अडकल्या होत्या. पण पुढचे तीन दिवस टीव्हीवर काय दिसलं? ताजचा घुमट आणि धूर. आजही २६ नोव्हेंबरच्या फ्लेक्सवर तोच घुमट असतो. त्या हल्ल्यात एकूण १६६ जण गेले, त्यातले एक तृतीयांशाहून जास्त स्टेशनावरचे. फ्लेक्सवर स्टेशन मी एकदाही पाहिलेलं नाही. ३ डिसेंबरला गेटवेवर जी प्रचंड गर्दी जमली, 'इनफ इज इनफ'चे फलक घेऊन, ती ताजच्या समोर जमली. स्टेशनात जमायला जागाच नव्हती म्हणा, तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या सुटत होत्या. त्याला मुंबईचं स्पिरिट म्हणायची पद्धत आहे. ११ जुलैच्या दुसऱ्या दिवशीही लोक गाड्यांना लटकून कामावर गेले, तेव्हाही हाच शब्द छापून आला. आपल्यातल्या भांडी घासणाऱ्या, पॅकिंगला जाणाऱ्या बायकांना विचारा त्या का गेल्या. खाडा पडतो म्हणून गेल्या.

आता मांडवाबद्दल. मी खरं तेच सांगणार आहे, कारण अर्धंमुर्धं सांगून इथे काही उपयोग नाही. तिथे मला बरं वाटतं. बिगूल वाजतो तेव्हा घसा दाटतो. माझ्या नवऱ्याचं नाव वर्षातून एकदा माइकवरून घेतलं जातं. घरात ते आता फारसं घेतलं जात नाही, मुलं मोठी झाली, त्यांना बापाचा आवाजही आठवत नाही. चारचौघांत कोणीतरी म्हणतं की हा माणूस होता आणि त्याला मारण्यात आलं. आपल्या समाजात बाईचं दुःख घराबाहेर काढायला जागा नाही. दहा-तेरा दिवस रडून घ्यायचं, मग डोळे पुसून कामाला लागायचं. तेव्हा सगळ्यांसमोर पाच मिनिटं उभं राहून रडायला मिळणं, ही काही लहान गोष्ट नाही. देशभक्तीची टिंगल करणाऱ्या आपल्यातल्या काही जणींना मला हे सांगायचं आहे.

पण त्याच मांडवात माझा जीव गुदमरतो. फ्लेक्सवर पुढाऱ्याचा चेहरा माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्याच्या चौपट असतो. एका वर्षी एक बाई, कार्यकर्तीच, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ताई, टिकली तेवढी काढाल का, फोटो निघणार आहेत. मी टिकली लावते. विसाव्या वर्षापासून लावते, नवरा गेल्यावरही काढली नाही, आणि त्यावरून सासरी काय काय झालं ते या बैठकीला वेगळं सांगायला नको. म्हणजे ज्या रूढीशी आपण घरात भांडतो ती इथे झेंड्याखाली उभी असते. त्यांना विधवा हवी असते. पांढरी नसली तरी फिकट साडी, मान खाली, बोलायला सांगितलं तर दोन वाक्यं: सरकारने कडक कारवाई करावी, गुन्हेगारांना फाशी द्यावी. एकदा मी माइकवर म्हटलं की नुकसानभरपाईच्या कचेरीत मला दुसरं लग्न करणार का असं विचारलं होतं, त्याबद्दलही कोणीतरी बोला. माइक लगेच दुसऱ्याकडे गेला.

भरपाईची गोष्ट थोडी सांगते, कारण आपल्याकडे अशा बायका येतात, अपघातातल्या, दंगलीतल्या. चेक आला की पहिल्यांदा भेटायला येतात ते दीर. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने माणसाच्या मिळकतीत बायको, मुलं आणि आई यांचा सारखा हक्क असतो. सासूबाई तेव्हा हयात होत्या, त्यांचा हिस्सा मी त्यांच्या हातात दिला, त्यांनी मुलगा गमावला होता. दिराचा हक्क नव्हता, तो दिला नाही. यावरून मला सासर तुटलं. मांडवात आम्हाला 'वीर कुटुंबीय' म्हणतात तेव्हा मला हसू येतं. कुटुंब कुठे राहिलं?

आणि ज्या खरोखर वीरपत्नी, त्यांनी तरी मान खाली घातली का? कविता करकरे आठवा. हेमंत करकऱ्यांचं बुलेटप्रूफ जॅकेट कसलं होतं, ते कुठे गेलं, याचा पाठपुरावा त्यांनी केला. गुजरातच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी देऊ केलेली मदत त्यांनी घेतली नाही. २०१४ साली त्या गेल्या, त्यांच्या अवयवांचं दान झालं. विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात पोलीस नियंत्रण कक्षाच्या संभाषणाच्या नोंदी मागवल्या, त्यांचा माग काढला आणि २००९ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. आपला नवरा कामा हॉस्पिटलच्या गल्लीत जखमी होऊन पडला असताना मदत का पोहोचली नाही, हा त्यांचा प्रश्न होता. बायको नवऱ्याची आठवण अशीही ठेवते. मांडवात या दोघींचं नाव घेतलं जातं ते फक्त 'त्यांच्या पत्नी' म्हणून, प्रश्नांसकट घेतलं जात नाही.

कामा हॉस्पिटलवरून आठवलं. १८८६ पासूनचं बायका-मुलांचं हॉस्पिटल ते. त्या रात्री अंजली कुलथे या परिचारिकेने वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना एका खोलीत हलवलं, दिवे घालवले, आणि एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा अंधारात तिला भिंतीभिंतीने प्रसूतिगृहापर्यंत नेलं. पुढे कोर्टात कसाबला ओळखलं. २०२२ च्या डिसेंबरात त्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या. आपल्या वस्तीतल्या फ्लेक्सवर एखादी नर्स कधी पाहिलीत? आणि देविका रोटावन, स्टेशनात पायाला गोळी लागली तेव्हा नऊ वर्षांची पोर. कुबडी घेऊन साक्ष द्यायला गेली. ती साक्ष देशाने डोक्यावर घेतली, पण घर मिळावं म्हणून तिला मोठी झाल्यावर उच्च न्यायालयाचं दार वाजवावं लागलं.

आता जे बोलायचं आहे ते मला जड जातं.

२०१५ साली खास न्यायालयाने ११ जुलैच्या खटल्यात बारा जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप, एक जण सुटला. त्या वर्षी मांडवात पेढे वाटले गेले. मी एक घेतला, पर्समध्ये ठेवला, दोन दिवसांनी मुंग्या लागल्या तेव्हा टाकून दिला. नंतर दहा वर्षांनी, २१ जुलै २०२५ ला, मुंबई उच्च न्यायालयाने बाराच्या बारा जणांना सोडून दिलं. सरकार पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही, कबुलीजबाब छळ करून घेतलेले दिसतात, साक्षीदार विश्वासार्ह नाहीत, असं न्यायालय म्हणालं. बारांतला एक तर २०२१ साली करोनाने तुरुंगातच गेला होता. मरून चार वर्षं झाल्यावर तो सुटला. सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला न्यायालयाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून धरू नये, सुटलेल्यांनी मात्र परत तुरुंगात जायला नको.

बातमी मला बायकांच्या डब्यात कळली, शेजारणीच्या फोनवर. मग माझा फोन वाजायला लागला. ताई, आता काय वाटतं? एक पत्रकार मुलगी होती, चांगली होती, पण तिला लगेच उत्तर हवं होतं, आणि ते एक तर 'आमच्यावर अन्याय झाला' किंवा 'न्याय झाला' यांपैकी असायला हवं होतं. मला काय वाटलं ते मी तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. आधी संताप आला. एकोणीस वर्षं जी नावं माझ्या डोक्यात कोरलेली होती ती कोणीतरी एका सकाळी पुसून टाकली. मग माझ्या नवऱ्याला मारलं कोणी? बॉम्ब काही आपोआप फुटले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपरात सुटलेल्या माणसांचे फोटो आले, तुरुंगाबाहेर, घरच्यांबरोबर. एका फोटोत एक बाई होती, बुरख्यातली, माझ्याच वयाची असावी. तिचाही नवरा २००६ मध्येच घरातून गेला. तिनेही मुलं एकटीने वाढवली, तीही कचेऱ्यांतून, कोर्टातून उभी राहिली, आणि तिच्या वाट्याला नोकरी नाही, बिगूल नाही, गल्लीत तोंड लपवणं आलं. मला तिची कीव आली असं मी म्हटलं तर ते ऐकायला बरं वाटेल. मला तिचा हेवा वाटला. तिचा परत आला.

हे मनात आलं आणि मी पेपर घडी करून ठेवला. पुष्कळ दिवस त्यावर विचार केला. ती माणसं निर्दोष आहेत की नाहीत हे ठरवणारी मी कोण? ते कोर्टाचं काम. पण एवढं मला कळतं की खोटा पुरावा उभा केला गेला असेल तर तो माझ्या नावाने केला गेला. माझं दुःख पुढे करून केला गेला. मांडवात माझ्या मागे उभं राहून 'फाशी द्या' ओरडणाऱ्यांना कोणाला फाशी हे विचारायची गरज कधी पडली नाही, मला मात्र ती आहे. चुकीचा माणूस लटकला असता तर माझ्या नवऱ्याचा मारेकरी कायमचा सुटला असता. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला २००८ च्या मालेगाव स्फोटातलेही सातही आरोपी सुटले. त्या स्फोटात सहा जण गेले होते, आणि त्या खटल्याचा तपास करकऱ्यांनीच सुरू केला होता. दहा दिवसांत दोन निकाल. एकावर एका बाजूचे लोक नाचले, दुसऱ्यावर दुसऱ्या बाजूचे. मालेगावच्या मेलेल्यांच्या घरच्यांनी त्या दिवशी काय केलं असेल, असं मनात येत राहिलं. त्यांच्याही फोनवर कोणीतरी 'आता काय वाटतं' विचारलंच असेल.

माझ्या शेजारी एक बाई शिलाईचं दुकान चालवते. तिचं माहेर जोगेश्वरीचं. तिचा भाऊ जानेवारी १९९३ च्या दंगलीत गेला. त्या डिसेंबर-जानेवारीत मुंबईत ९०० माणसं मारली गेली, ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू, हे श्रीकृष्ण आयोगाने लिहून ठेवलेलं आहे. मार्च ९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ गेले. स्फोटांचा खटला शेवटपर्यंत चालला, फाशी झाली. दंगलीचा अहवाल १९९८ साली सभागृहात ठेवला गेला, तिथेच बहुतेक राहिला. तिच्या भावासाठी कोणतीही तारीख नाही. ब्लाउज शिवता शिवता ती मला एकदा म्हणाली, तुझ्यासाठी निदान चुकीच्या दिवशी तरी मेणबत्ती लागते. दर २६ नोव्हेंबरला पाच वाजताच ती दुकानाचं शटर ओढून घेते. कोणी तिला काही बोललेलं नाही. कोणी बोलायच्या आत ती घरी जाते. मी मांडवात, आणि समोरचं तिचं दुकान बंद. मला तिथे बसून जे बोचतं त्यातलं सगळ्यात जास्त हे बोचतं.

याला काही उपाय असतो का? स्पेनमधली एक गोष्ट सांगते. ११ मार्च २००४ ला माद्रिदमध्ये सकाळच्या लोकल गाड्यांत बॉम्ब फुटले. अगदी आपल्यासारखं, कामाला निघालेली माणसं. १९० च्या वर माणसं गेली. पिलार मान्खोन नावाच्या बाईचा वीस वर्षांचा मुलगा त्यात गेला. मृतांच्या नातेवाइकांची संघटना उभी राहिली, तिची ती अध्यक्ष झाली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेच्या चौकशी समितीपुढे बसून तिने सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांना सुनावलं की आमच्या मेलेल्यांवर तुम्ही एकमेकांशी भांडताय. माध्यमांनाही सोडलं नाही. पुढे युरोपने दहशतवादाच्या बळींचा स्मृतिदिन ठरवला तो ११ मार्चच. लोकलमधल्या माणसांचा दिवस. तिला पुढे फार शिव्याशाप सोसावे लागले. पण ती रडण्यापुरती व्यासपीठावर बसली नाही.

उद्याचं आमंत्रण आलेलं आहे. परवा मांडववाला मुलगा आला होता, या वस्तीतच वाढलेला, माझ्या मुलाबरोबर खेळलेला. त्याला मी तीन गोष्टी सांगितल्या. फ्लेक्सवर जिवंत माणसाचा फोटो नको. स्टेशनावरच्या ५८ जणांची नावं वाचा. आणि घोषणा देताना कोणाच्या धर्माकडे बोट जाणार असेल तर मी त्या क्षणी उठेन. पहिल्याला तो म्हणाला, काकू, फ्लेक्स छापून आला. तिसऱ्याला तो हो म्हणाला, मनापासून म्हणाला असं मला वाटलं. नावांबद्दल म्हणाला, तेवढा वेळ नसतो, साहेबांना पुढे दोन कार्यक्रम आहेत.

मी घरी घड्याळ लावून पाहिलं. माझ्याकडे ११ जुलैच्या १८९ जणांची यादी आहे, कात्रणांवरून उतरवून काढलेली. ती सावकाश वाचायला सतरा मिनिटं लागली. मध्ये एकदा थांबावं लागलं, ते धरून. ५८ नावांना पाच-सहा मिनिटं लागतील.

तेव्हा माझं म्हणणं असं, की ११ जुलैला संध्याकाळी आपण इथेच, याच खोलीत जमावं. कामावरून परतणाऱ्यांना जमेल अशी वेळ धरू. ११ जुलैची यादी मी आणते. स्टेशनावरच्यांची कोणीतरी पेपरांतून काढा. शिलाईवाल्या माझ्या मैत्रिणीला मी विचारलेलं आहे, ती आणि तिची नणंद जोगेश्वरीतली जेवढी नावं त्यांना ठाऊक आहेत तेवढी लिहून आणणार आहेत. फोटो कोणाचेच नकोत. चहाचं कोण बघणार ते आजच ठरवूया.

उद्या मी मांडवात जाणार आहे. टिकली लावून जाणार आहे. तुमच्यातल्या कोणाला बरोबर यायचं असेल तर सहा वाजता शिलाईच्या दुकानासमोर या, आधी शटर वर आहे का ते बघू.